लक्षद्वीपच्या लगूनमधील समुद्री शेंब्या

लक्षद्वीपच्या कंकणद्वीपांवर, ओहोटीच्या वेळी लगूनच्या, म्हणजे प्रवाळभिंतीने वेढलेल्या उथळ सरोवराच्या, गुडघाभर पाण्यात समुद्री शेंब्या शोधू लागले, की पहिला तास बहुधा रिकाम्या हातांनीच जातो. शेंबी (इंग्रजीत ‘सी स्लग’) ही गोगलगायीच्याच कुळातली. डिंभावस्थेत तिला इवलासा शंख असतो, पण वाढीच्या ओघात बहुतेक जाती तो टाकून देतात. मग बचावासाठी काही जाती स्पंजातील विषारी रसायने स्वतःच्या अंगात साठवतात, तर काही जाती हायड्रॉइड या जेलीफिशच्या नात्यातल्या, दंश करणाऱ्या जीवाच्या दंशपेशी न फुटू देता गिळतात आणि पाठीवरच्या बोटांसारख्या उपांगांच्या टोकाशी नेऊन ठेवतात.

प्रत्येक जातीचे खाणे असे ठरलेले असल्यामुळे सर्वेक्षक आधी शेंबी नव्हे, तर तिचे अन्न शोधतो. शैवालावर जगणाऱ्या शेंब्यांसाठी तर मूठभर शैवाल समुद्राच्या पाण्यासह पांढऱ्या ट्रेमध्ये ठेवून नुसते बसून राहावे लागते. साचलेल्या पाण्यातला प्राणवायू कमी होऊ लागला, की आत दडलेले जीव वर चढू लागतात, आणि इतका वेळ शैवालाचाच तुकडा वाटलेला हिरवा ठिपका डोक्यावरची दोन शिंगे उभारून सरकताना दिसतो. ती एलिसिया या शैवालभक्षी प्रजातीतली शेंबी असेल, तर तो हिरवा रंगही शैवालाचाच असतो: पेशी टोचून रस शोषताना मिळालेली हरितलवके ती न पचवता शरीरात राखून ठेवते.

छायाचित्र, लांबी, खोली आणि कशावर सापडली, एवढे तरी टिपलेच पाहिजे. उलटलेला दगड होता तसा परत ठेवणे मला नोंदीइतकेच महत्त्वाचे वाटते, कारण त्याच्या खालच्या अंगाला चिकटलेले स्पंज उन्हात मरतात आणि त्यांच्याबरोबर शेंब्यांचे अन्नही जाते.

सागरी जीवशास्त्रज्ञ दीपक आपटे यांनी २००९ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लक्षद्वीपच्या समुद्री शेंब्या व त्यांच्या जवळच्या जातींची जी यादी प्रसिद्ध केली, तिच्यात या बेटांसाठी ५२ आणि भारतासाठी ४० नोंदी नव्या होत्या. एवढे जीव आधी तिथे नव्हते असे नाही. ते शोधणारे डोळे कमी होते. शिवाय अनेक जातींचे आयुष्य वर्षभराचेही नसते आणि काही जाती रात्रीच बाहेर पडतात, त्यामुळे एका फेरीत न दिसलेली जात तिथे नाहीच, असे म्हणता येत नाही. कधी खडकावर अंड्यांची गुंडाळलेली फीत तेवढी सापडते, आणि ती घालणारी शेंबी पाहण्यासाठी अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन त्याच खडकापाशी परत यावे लागते.