शब्दाचा मूळ अर्थ म्हणजेच खरा अर्थ?

राजकीय वादात एक समज वर्षानुवर्षे फिरतोय: शब्दाचा मूळ अर्थ तोच खरा, बाकीचे विरोधकांनी घुसडलेले. हे साफ चुकीचं आहे. अर्थ वापरातून ठरतो.

‘प्रोपगंडा’ हा शब्द १६२२ साली पोपने धर्मप्रसारासाठी स्थापन केलेल्या संस्थेच्या नावातून आला. तेव्हा त्याला कपटाचा वासही नव्हता. पहिल्या महायुद्धानंतर तो पुरता बदनाम झाला.

‘डेमोक्रसी’चं नेमकं उलट झालं. १७८७ मध्ये अमेरिकेचे एक घटनाकार जेम्स मॅडिसन यांनी तिथल्या नव्या राज्यघटनेची बाजू मांडताना डेमोक्रसीवर कडक टीका केली. आज तोच उतारा नाचवून ‘घटनाकारांना लोकशाही नकोच होती’ असं ठासून सांगतात. पण मॅडिसन यांचा रोख होता तो सगळ्या नागरिकांनी एकत्र जमून थेट कारभार चालवण्यावर. निवडून दिलेल्या प्रतिनिधींच्या राज्याला ते ‘रिपब्लिक’ म्हणत, आणि आज आपण त्यालाच लोकशाही म्हणतो! अर्थ बदलण्यात लबाडी नाही. जुन्या अर्थाचा पुरावा नव्या अर्थाला चिकटवण्यात आहे, आणि ती सर्रास चालते.

‘लिबरल’ तर आजही देशागणिक बदलतो: ऑस्ट्रेलियात त्या नावाचा पक्ष उजवीकडे, अमेरिकेत लिबरल डावीकडे.