खान्देशातून टीमचं काम: अडचण २०२० ची नव्हे, २०२२ ची

तोंड न बघता एकमेकांच्या भरवशावर काम करणं खान्देशाला नवं नाही. भुसावळ विभागातले स्टेशन मास्तर पिढ्यान् पिढ्या तसंच करत आले: निरोप फोनवर, निरोप पोचल्याची खूण म्हणून प्रायव्हेट नंबर आणि दोन्हीकडच्या रजिस्टरात नोंद. संगणकाचं काम घरून करण्याचा विचार अमेरिकेत १९७३ च्या तेलटंचाईच्या सुमारास पुढे आला. पण जळगाव-धुळ्याच्या पोरांसाठी हा विषय सुरू होतो तो टाळेबंदीत, पुण्याची खोली सोडून लॅपटॉपसकट गावी आल्यावर.

त्याआधी नियमच आडवे येत. कॉल सेंटरसारख्या सेवांना सरकारी नोंदणी लागे आणि कर्मचाऱ्याला घरी बसवायचं तर अनामत व ठरावीक सुरक्षित जोडणी. मार्च २०२० मध्ये या अटी तात्पुरत्या सैल झाल्या, नोव्हेंबर २०२० मध्ये नोंदणीच गेली, जून २०२१ मध्ये देशी-परदेशी सेवांमधला भेदही मिटला.

पहिल्या दोन वर्षांतल्या अडचणी निदान डोळ्यांना दिसत होत्या. दिवसाचा दीड-दोन जीबी डेटा दोन मीटिंगांत संपे, कारण तासाभराचा व्हिडिओ कॉल एक जीबीच्या आसपास खातो. मळ्यात राहणाऱ्यांचे हाल वेगळे. शेतीच्या फीडरवर थ्री फेज ठरावीक तासच, पाळी कधी दिवसाची तर कधी रात्रीची; गावठाणातल्या चुलत्याकडे टेबल मांडणं त्यापेक्षा स्वस्त पडे. इन्व्हर्टरचा हिशोब आजही तोच आहे. १२ व्होल्ट, १५० एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी कागदावर १८०० वॉट-तास. निम्म्यापेक्षा जास्त उतरवू नये आणि रूपांतरात पाचवा हिस्सा जातो असं धरलं, तर लॅपटॉप, राउटर आणि एक पंखा (मिळून साधारण १५० वॉट) पावणेपाच तास चालतात. कूलर लावला की हा हिशोब कोसळतो, शिवाय माइकमध्ये त्याचीच घरघर जाते. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की बॅटरीचं पाणी झपाट्याने उडतं. दर महिन्याला पातळी पाहून डिस्टिल्ड वॉटर घातलं नाही तर तीच बॅटरी दीड तासात मान टाकते. राउटरला वेगळा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावावा. नाहीतर वीज गेली-आली की राउटर पुन्हा सुरू होण्यात दोन-तीन मिनिटं जातात आणि नेमकं आपलं बोलणं तेव्हाच असतं.

पण तेव्हा सगळी टीमच घरी होती, म्हणून सगळ्यांना सारखंच ऐकू येई आणि सारखंच कळे. खरा पेच १४ जुलै २०२२ च्या नियमाने पडला. विशेष आर्थिक क्षेत्रातल्या (एसईझेड, म्हणजे करसवलतीच्या आवारातल्या) आयटी युनिटांना घरून कामाची मुभा मिळाली, पण निम्म्या कर्मचाऱ्यांपुरती आणि एका वेळी एका वर्षासाठी. जास्त माणसं हवी असतील तर कारणं नोंदवून मंजुरी. यामागचं कारण कराचं. तिथली सामग्री शुल्कमाफीत आलेली, ती बाहेर कुणाच्या घरी आहे याचा माग हवा. हा मुद्दा रास्त आहे. मात्र माग लॅपटॉपचा ठेवायचा होता, तो माणसांची टक्केवारी ठरवून कसा ठेवला जातो, हे काही पटत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये ही मर्यादा उठली, सगळ्यांना २०२३ अखेरपर्यंत मुभा मिळाली आणि पुढे मुदत वाढली. तोवर व्यवस्थापनांना निम्म्याची सवय लागली होती. आठवड्यातून दोन-तीन दिवस ऑफिस हे नियम त्याच काळात रुजले आणि चाळीसगाव-अमळनेरचा माणूस त्या टीममध्ये पडद्यावरचा एकटा चौकोन होऊन बसला.

अशी मिश्र टीम पूर्ण दूरस्थ टीमपेक्षा अवघड असते. खोलीत पाच जण आणि मधोमध एक माइक. जवळचा खोकला मोठा ऐकू येतो, कोपऱ्यातलं वाक्य हरवतं. मीटिंग संपल्यावर चहाच्या टपरीवर निर्णय बदलतो, तो गावी पोचतच नाही. यावर चालणारा उपाय एकच: एक जण जरी पडद्यावर असला तरी सगळ्यांनी आपापल्या लॅपटॉपवरून, हेडफोन लावून बसायचं. निर्णय झाल्यावर कुणी, काय, कधीपर्यंत हे तिथल्या तिथे लिहायचं आणि ज्याच्यावर काम आलं त्याने ते आपल्या शब्दांत परत सांगायचं. स्टेशन मास्तरची रीत ती हीच.

चॅटमध्ये नावापाशी दिसणाऱ्या हिरव्या ठिपक्यावरून हजेरी मोजण्याचं खूळही याच काळातलं. त्यातून काय साधलं? माउस आपोआप हलवणारी यंत्रं खपू लागली. त्यापेक्षा सकाळच्या तीन ओळी जास्त सांगतात: काल काय संपवलं, आज काय घेतलंय, कुठे अडलंय. त्या टीमच्या सामायिक चॅनेलवर हव्यात. वरिष्ठाच्या खासगी चॅटमध्ये टाकलेली अडचण बाकीच्यांना कळत नाही आणि उत्तर माहीत असलेला सहकारी गप्प राहतो. अर्धा तास डोकं लावूनही सुटलं नाही तर विचारावं. विचारताना आलेला एरर आणि आपण काय करून पाहिलं हे दोन्ही द्यावं, म्हणजे उलटे प्रश्न वाचतात.

सामायिक वेळेचा घोळ मात्र दर मार्चला होतो. न्यूयॉर्कची सकाळी १० ची मीटिंग हिवाळ्यात आपल्याकडे रात्री साडेआठला, उन्हाळ्यात साडेसातला. अमेरिकेची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे सरकतात, लंडनची शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे अमेरिकेची मीटिंग तासभर अलीकडे आलेली असते आणि लंडनची जुन्याच वेळेला, म्हणून एकमेकींवर चढतात. कॅलेंडरचं निमंत्रण भारतीय वेळेत न टाकता ग्राहकाच्या शहराच्या वेळेत टाकावं आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यातच महिन्याच्या सगळ्या मीटिंगा एकदा उघडून बघाव्यात.