विंडो फलने आणि वर्णपटातील गोंगाट

संकेताच्या मर्यादित लांबीच्या तुकड्याचे फूर्ये रूपांतर करून वर्णपट (कोणत्या वारंवारतेला किती ऊर्जा आहे याचे चित्र) काढण्यापूर्वी त्यातील प्रत्येक नमुन्याला जो भार देतात, त्या भाराच्या नियमाला विंडो फलन म्हणतात. भार बहुधा मधोमध सर्वाधिक असून टोकांकडे उतरत जातो. मुद्दाम भार दिला नाही, तरी तुकडा कापणे हीच आयताकृती विंडो ठरते. त्यामुळे विंडोविना विश्लेषण प्रत्यक्षात नसतेच.

तुकड्यात एखाद्या स्वराची पूर्ण आवर्तने बसली नाहीत, तर त्याची ऊर्जा वर्णपटाच्या दूरच्या खणांतही (वारंवारतेच्या लहान कप्प्यांतही) पसरते. या पसरण्याला गळती म्हणतात. सेकंदाला १००० या दराने घेतलेल्या १००० नमुन्यांत प्रत्येक खण १ हर्ट्झचा असतो. त्यांत ५०.५ हर्ट्झचा प्रबळ स्वर आणि त्याहून ६० डेसिबेलने क्षीण असा ६० हर्ट्झचा स्वर आहे असे मानू. आयताकृती विंडो वापरल्यास प्रबळ स्वराची गळती ६० हर्ट्झच्या खणात सुमारे उणे २९.५ डेसिबेल येते आणि क्षीण स्वर तिच्याखाली पूर्णपणे दडतो. टोकांकडे उतरत्या विंडोंपैकी हॅमिंग विंडोत ती सुमारे उणे ४७, तर हान विंडोत उणे ६८.५ डेसिबेल येते. म्हणजे क्षीण स्वर फक्त हान विंडोत उघड दिसतो. स्वराच्या मधल्या शिखराला मुख्य लोब आणि त्याच्या बाजूंच्या लहान शिखरांना पार्श्वलोब म्हणतात. सर्वांत मोठ्या पार्श्वलोबाची पातळी हॅमिंग विंडोत सुमारे उणे ४३ आणि हान विंडोत सुमारे उणे ३१.५ डेसिबेल असल्याने, केवळ या पातळ्यांचा तक्ता पाहून निवड करणारा येथे फसतो. हान विंडोचे पार्श्वलोब दर सप्तकाला (म्हणजे स्वरापासूनचे अंतर दुप्पट होताना) १८ डेसिबेलने उतरतात, हॅमिंगचे अवघ्या ६ डेसिबेलने. दूरच्या स्वरांसाठी हा उतारच निर्णायक ठरतो.

हान विंडोचे जनकत्व वादाचे आहे. ऑस्ट्रियन हवामानशास्त्रज्ञ युलिउस फोन हान (१८३९–१९२१) यांचे नाव तिला मिळाले ते हवामानाच्या आकड्यांना १/४, १/२, १/४ असे भार देऊन ते सपाट करण्याच्या रीतीवरून. हीच रीत वर्णपटाच्या खणांवर लावली असता, चिन्हांचा फरक सोडल्यास, काळाच्या अक्षावर कोसाइनच्या आकाराची विंडो मिळते. मात्र वर्णपटाच्या गळतीचा विचार हान यांच्यापुढे होता असे मानण्यास आधार दिसत नाही. नामकरण ब्लॅकमन व ट्यूकी या संशोधकांच्या १९५८ मधील लेखनाने रूढ झाले. टोकांकडे उतरत्या भारांची कल्पना मात्र याहून जुनी असून, फूर्ये श्रेणीच्या आंशिक बेरजांची सरासरी घेणारे हंगेरियन गणितज्ञ फेयेर यांच्या १९०० च्या सुमाराच्या कामात ती त्रिकोणी भाराच्या रूपाने आढळते. गणिती अग्रक्रम त्यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते. अमेरिकन गणितज्ञ रिचर्ड हॅमिंग यांच्या विंडोच्या सूत्रातील स्थिर पदाचा ०.५४ हा सहगुणक २५/४६ या अपूर्णांकाच्या जवळचा आहे. नेमका २५/४६ घेतल्यास हान विंडोचा पहिला पार्श्वलोब जेथे येतो, तेथे शून्य येते.

विंडो गोंगाट कमी करते हा समज बरोबर नाही. उलट प्रत्येक खणात शिरणाऱ्या गोंगाटाची पट्टी हान विंडोत आयताकृतीच्या १.५ पट आणि ब्लॅकमन विंडोत सुमारे १.७३ पट रुंद होते. एकाच तुकड्यावरून काढलेल्या गोंगाटाच्या शक्तिवर्णपटाचे (प्रत्येक खणातील शक्तीच्या वर्णपटाचे) प्रमाण विचलन त्याच्या सरासरीइतकेच राहते, आणि तुकडा लांबवूनही ते घटत नाही. लांबीने खण अरुंद होतात आणि स्वर गोंगाटाच्या पातळीवर उठून दिसतो, दुप्पट लांबीला ३ डेसिबेल या हिशेबाने. चढउतार शमवायचे असल्यास तुकड्यांच्या शक्तीची सरासरी घ्यावी लागते: १०० स्वतंत्र तुकड्यांनी विचलन दहा टक्क्यांवर येते, पण गोंगाटाची पातळी तेथेच राहते. पातळी खाली आणण्यासाठी कला (आवर्तनातील स्थिती) जुळवलेल्या तुकड्यांची सदिश सरासरी, म्हणजे कलेसह घेतलेली सरासरी, लागते, आणि ती संकेत दर वेळी त्याच कलेत सुरू करता आला तरच शक्य होते. वेल्च यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या पद्धतीत तुकडे एकमेकांवर चढवतात. हान विंडो व निम्मी चढण असल्यास शेजारच्या तुकड्यांच्या शक्तींचा सहसंबंध सुमारे १/३६ इतकाच उरतो, त्यामुळे त्याच नोंदीतून जवळजवळ दुप्पट तुकडे मिळतात.

स्वराचा आयाम (कंपनाची उंची) अचूक मोजायचा असल्यास सपाट माथ्याची विंडो घेतात; तिचा मुख्य लोब रुंद असल्याने जवळचे स्वर वेगळे होत नाहीत. कायझर विंडोत एकच चल बदलून मुख्य लोबाची रुंदी आणि गळती यांतील देवघेव हवी तशी ठरवता येते. स्वराच्या आयामाची दुरुस्ती भारांच्या बेरजेने आणि गोंगाटाच्या घनतेची दुरुस्ती भारांच्या वर्गांच्या बेरजेने करावी लागते. हान विंडोत या दोहोंची गल्लत झाल्यास १.७६ डेसिबेलची चूक राहते.