डेमन प्रोग्रामांची स्वयंचलित चाचणी

वापरकर्त्यासमोर न येता संगणकावर सतत चालू राहणाऱ्या प्रोग्रामला डेमन म्हणतात. ठरल्या वेळी कामे चालवणारा क्रॉन आणि नोंदी ठेवणारा सिसलॉग ही त्याची परिचित उदाहरणे. असा प्रोग्राम नीट वागतो की नाही, हे दुसऱ्या प्रोग्रामकडून वारंवार तपासून घेणे म्हणजे त्याची स्वयंचलित चाचणी. डेमन आपणहून संपत नाही, पडद्यावर काही दाखवत नाही. जुन्या युनिक्स पद्धतीत तर तो दोनदा फोर्क करून, म्हणजे स्वतःची नवी प्रत सुरू करून, सुटा होतो आणि चाचणीला त्याचा पीआयडीही (प्रक्रियेचा क्रमांक) थेट मिळत नाही. त्यामुळे फोरग्राउंडमध्ये, म्हणजे असे सुटे न होता, चालण्याची सोय त्यात असावीच. लिनक्सवर डेमन सुरू करून सांभाळणाऱ्या, 2010 मध्ये आलेल्या सिस्टमडीलाही असाच डेमन सोयीचा पडतो.

समजा, चिपळूणला वाशिष्ठी नदीची पाणीपातळी सेन्सरकडून घेऊन धोक्याचा एसएमएस पाठवणारा डेमन लिहायचा आहे. 22 जुलै 2021 चा महापूर पाहिलेल्या शहरात हे काम हलक्याने घेता येत नाही. खाडीला भरती असली की पुराचे पाणी उतरायला वेळ लागतो, म्हणून निर्णय पातळीइतकाच घड्याळावरही अवलंबून राहतो. दोन भरत्यांमध्ये सुमारे 12 तास 25 मिनिटे जातात. चाचणी तेवढी थांबू शकत नाही. यासाठी निर्णयाचा भाग वेगळ्या फंक्शनमध्ये ठेवून त्याला वेळ बाहेरून पुरवतात. मग अमावास्येची भरती आणि चढते पाणी यांची गाठ क्षणात घालून पाहता येते.

प्रत्यक्ष डेमन चालवून करायच्या चाचण्या मोजक्याच ठेवाव्यात. त्यांत डेमनला तात्पुरती डिरेक्टरी देतात आणि पोर्ट (नेटवर्क जोडणीचा क्रमांक) शून्य मागतात, म्हणजे मोकळा पोर्ट कर्नलच (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) निवडतो. डेमन सुरू झाला असेल असे धरून दोन सेकंद झोपणारी चाचणी कधी पास, कधी नापास होते. तो तयार आहे का, हे थोड्या थोड्या वेळाने विचारावे आणि ठरलेल्या मुदतीनंतर नापास ठरवावे. सिगहप हा सिग्नल, म्हणजे प्रोग्रामला बाहेरून दिलेला इशारा, आला की सहसा कॉन्फिग (सेटिंग्जची फाइल) पुन्हा वाचली जाते. नवी फाइल चुकीची असेल तर जुनीच चालू राहते ना, हेही पाहावे. थांबायला सांगणाऱ्या सिगटर्मवर हातातले काम पुरे करून डेमनने शून्य कोडने, म्हणजे सारे ठीक असल्याची खूण देऊन, बाहेर पडावे.

सर्वांत मोलाची चाचणी अचानक मरणाची. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड-रत्नागिरीतील कित्येक गावे अनेक दिवस विजेविना होती. पावसाळ्यात वीज जाणे तर नित्याचेच. तत्काळ मारणारा सिगकिल डेमनला अडवता येत नाही, म्हणून चाचणीत तो पाठवून डेमन पुन्हा सुरू करतात आणि आधीच्या नोंदी शाबूत आहेत का, तोच एसएमएस दुसऱ्यांदा गेला का, हे तपासतात. डेमन चालू असल्याची खूण म्हणून ठेवलेली जुनी पीआयडी फाइल मागे राहून नवा डेमन अडणे ही इथली नेहमीची चूक. फाइलवर कुलूप घेणे बरे, कारण प्रक्रिया मेली की कर्नल ते स्वतः सोडतो. मात्र सिगकिल म्हणजे वीज जाणे नव्हे. प्रक्रिया मेली तरी तिने फाइलला लिहिलेला मजकूर कर्नलच्या मेमरीत टिकतो आणि पुढे डिस्कवर उतरतो. वीज गेली तर तोही जातो. एफसिंक, म्हणजे मजकूर लगेच डिस्कवर उतरवण्याची आज्ञा, विसरलेला डेमन त्यामुळे सिगकिलच्या चाचणीत खुशाल पास होतो. ही उणीव उघडी पाडायला आभासी यंत्राची (संगणकातच सॉफ्टवेअरने उभारलेल्या संगणकाची) वीज एकाएकी तोडूनच पाहावे लागते.