छपरांवरून माणसं मोजताना: ठाणे-नवी मुंबईच्या नकाशामागची गोष्ट

२०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाखांवर गेली आणि तो देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला. २०१४ मध्ये पालघर वेगळा झाला, घोडबंदर रोडवर टॉवरमागून टॉवर उभे राहिले. २०२१ ची जनगणना मात्र कोविडमुळे लांबली ती लांबलीच.

पण आकडा जुना असणं ही अर्धीच अडचण. जनगणना प्रभागाची बेरीज देते, त्यातली वस्ती कुठल्या कोपऱ्यात दाटली आहे ते सांगत नाही. येऊरच्या जंगलाला किंवा खाडीला लागून असलेल्या भागाची सरासरी घनता काढली, की कागदावर झाडांतही माणसं आणि कांदळवनातल्या चिखलातही माणसं!

यावरचा तोडगा शंभर वर्षांहून जुना आहे: जिथे कुणी राहत नाही ती जागा सोडून द्यायची आणि माणसं फक्त वस्तीच्या जागेत वाटायची. रशियन भूगोलतज्ज्ञ सेम्योनोव-त्यान-शान्स्की यांनी १९११ मध्ये ही कल्पना मांडली. १९३६ मध्ये अमेरिकेत जॉन राइट यांनी केप कॉडच्या नकाशातून निर्जन जमीन वगळली आणि लोकसंख्या उरलेल्या जागेत वाटली. हिशेब सोपा, पण वस्ती कुठे आहे हे दाखवणारा बारकाईचा नकाशा हवा. २००४ मध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी ब्रिटनमध्ये ओपनस्ट्रीटमॅप हा इंटरनेटवरचा खुला नकाशा सुरू केला, आणि स्वयंसेवकांनी काढलेल्या इमारती नि रस्ते कुणालाही फुकट वापरता येऊ लागले. भारतात नकाशांवरचे पूर्वपरवानगीचे निर्बंध २०२१ मध्ये बरेच सैल झाले.

आता प्रभागाची लोकसंख्या इमारतींच्या क्षेत्रफळाप्रमाणे वाटता येते. नवी मुंबईत मात्र इथेच फसगत होते. वाशीचं एपीएमसी मार्केट नि तुर्भ्याच्या एमआयडीसीतल्या शेड यांची छपरं अवाढव्य, पण रात्री तिथे मुक्कामाला किती जण? नकाशावर औद्योगिक वापराची नोंद असेल तर ती वगळता येतात. उलट गावठाणात गरजेपोटी बांधलेल्या घरांवर मजले चढलेत, खोल्याखोल्यांत भाडेकरू आहेत. वरून दिसतं ते एवढंसं छप्पर. दिघ्याच्या झोपडपट्टीत तर पत्र्याला पत्रा भिडलेला, उपग्रहाच्या चित्रात घरं सुटी करणंच कठीण. मजल्यांची नोंद नसेल तर टॉवर आणि बैठं घर एकाच मापाने मोजलं जातं. माझ्या मते एकवेळ नकाशात नवी छपरं रेखाटायची राहिली तरी चालेल, आधी आहे त्या इमारतींच्या मजल्यांची नोंद भरावी.

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. तिचे प्रभागवार आकडे आले, की दिघा आणि घोडबंदरचे अंदाज किती चुकले ते ताडून पाहता येईल.