बाळाचा बाप्तिस्मा: तारणाशी असलेला संबंध, पात्रता आणि कागदपत्रे

कॅथलिक आईवडील बाप्तिस्म्याचा अर्ज मागायला धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या) कार्यालयात येतात, तेव्हा तारीख आणि कागदपत्रांच्या चौकशीमागे पुष्कळदा एक न बोललेली भीती असते: बाप्तिस्म्यापूर्वीच बाळाला काही झाले, तर त्याच्या तारणाचे, म्हणजे देवाजवळच्या सार्वकालिक जीवनाचे, काय? या प्रश्नाचे उत्तर आधी समजून घेतले, तर नियम असे का आहेत तेही आपोआप कळते.

लॅटिन विधीच्या (रोमन परंपरेच्या) कॅथलिकांना लागू असलेल्या १९८३ च्या कॅनन संहितेतील, म्हणजे चर्चच्या कायद्यातील, कलम ८४९ नुसार बाप्तिस्मा तारणासाठी आवश्यक आहे. तो प्रत्यक्ष घेतलेला असावा, किंवा निदान त्याची इच्छा तरी असावी. पाण्याने आणि आत्म्याने नव्याने जन्मल्याशिवाय देवाच्या राज्यात प्रवेश नाही, हे येशूने निकदेम या यहुदी पुढाऱ्याला सांगितलेले वचन (योहान ३:५) या श्रद्धेच्या मुळाशी आहे. मात्र देवाने तारण बाप्तिस्म्याशी जोडले असले, तरी देव स्वतः साक्रामेंतांनी (बाप्तिस्म्यासारख्या पवित्र संस्कारांनी) बांधलेला नाही, असे ‘कॅथलिक धर्मशिक्षण’ हा चर्चचा अधिकृत ग्रंथ (परिच्छेद १२५७) तितक्याच स्पष्टपणे सांगते. म्हणूनच बाप्तिस्म्याची तयारी करत असताना मरण पावलेली प्रौढ व्यक्ती, किंवा बाप्तिस्मा न होताच श्रद्धेसाठी प्राण देणारा हुतात्मा, तारणापासून वंचित राहतो असे ख्रिस्तसभा (चर्च) मानत नाही. बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांना ती देवाच्या दयेवर सोपवते आणि त्यांच्या तारणाची आशा धरते. ज्यांनी असे बाळ गमावले आहे, त्यांना हे कुणीतरी जवळ बसून सांगायला हवे, असे मला मनापासून वाटते. आईवडिलांचा बाप्तिस्मा देण्याचा विचार होता, एवढ्या आधारावर स्थानिक बिशप अशा बाळाच्या ख्रिस्ती अंत्यविधीला परवानगी देऊ शकतात (कलम ११८३); ती विनंती प्रमुख धर्मगुरूंमार्फत करावी.

बाप्तिस्मा आवश्यक मानला जात असल्यामुळेच तो जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत व्हावा, अशी जबाबदारी आईवडिलांवर टाकलेली आहे, आणि बाळाचा जीव धोक्यात असेल तर क्षणाचाही विलंब करू नये असे सांगितलेले आहे. अशा वेळी धर्मगुरू पोहोचू शकत नसतील, तर ख्रिस्तसभेला अभिप्रेत तोच हेतू मनात ठेवून कोणीही, अगदी ख्रिस्ती नसलेली परिचारिकासुद्धा, बाप्तिस्मा देऊ शकते. बाळाच्या डोक्यावर पाणी ओतत त्याचे नाव घेऊन “मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो” असे म्हणावे. हे शब्द बदलू नयेत; “मी” ऐवजी “आम्ही” म्हणून दिलेला बाप्तिस्मा वैध नाही, असा निर्णय व्हॅटिकनने २०२० मध्ये दिला आहे. बाळ वाचले तर बाप्तिस्मा पुन्हा होत नाही. घडलेली गोष्ट धर्मग्रामाला कळवून नोंद करून घ्यावी आणि उरलेले विधी चर्चमध्ये पूर्ण करावेत.

नेहमीच्या परिस्थितीत दोन अटी आहेत. आईवडिलांपैकी किमान एकाची संमती हवी, आणि बाळ कॅथलिक श्रद्धेत वाढेल अशी साधार आशा हवी. ही आशा अजिबात नसेल तर कारण समजावून सांगून बाप्तिस्मा पुढे ढकलला जातो. तो नकार नसतो. आईवडिलांचा विवाह चर्चमध्ये झालेला नाही, हे कारण या अटींत कोठेही नाही, आणि एकट्या आईच्या बाळाची नोंद कशी करावी हेसुद्धा संहितेत दिलेले आहे. त्यामुळे कोणी संकोचाने घरी थांबू नये.

कागदपत्रांची यादी संहितेत नाही, ती धर्मग्राम ठरवतो. साधारणपणे नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आईवडिलांचा विवाह चर्चमध्ये झाला असल्यास त्याचा दाखला आणि धर्ममातापित्यांच्या (बाळाला श्रद्धेत वाढवायला मदत करणाऱ्या गॉडपेरेंट्सच्या) धर्मग्रामाचे पत्र मागितले जाते. बाप्तिस्मा दुसऱ्या धर्मग्रामात, उदाहरणार्थ मुंबईत राहणाऱ्या कुटुंबाला वसईतील मूळ गावी, करायचा असेल तर आपल्या प्रमुख धर्मगुरूंचे परवानगीपत्रही सोबत लागते. त्याशिवाय आईवडील आणि धर्ममातापिता यांनी तयारीच्या वर्गाला बसणे अपेक्षित असते.

धर्मपिता किंवा धर्ममाता यांपैकी एक पुरेसे आहे. दोघे हवे असल्यास एक पुरुष आणि एक स्त्री असावी. त्यांचे वय सामान्यतः १६ वर्षे पूर्ण असावे, त्यांचे दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा श्रद्धा दृढ करणारा संस्कार) झालेले असावे आणि आचरण श्रद्धेला साजेसे असावे. बाळाचे स्वतःचे आईवडील ही भूमिका घेऊ शकत नाहीत. दुसऱ्या ख्रिस्ती पंथातील बाप्तिस्मा झालेला नातेवाईक कॅथलिक धर्ममातापित्याच्या सोबतीने साक्षीदार म्हणून उभा राहू शकतो.

सात वर्षे पूर्ण झालेल्या समंजस मुलाला या बाबतीत प्रौढांचेच नियम लागतात. प्रौढाची स्वतःची इच्छा, पुरेसे धर्मशिक्षण आणि पापांबद्दल पश्चात्ताप आवश्यक असतो, आणि वय १४ पूर्ण असल्यास प्रकरण बिशपांकडे कळवले जाते. दुसऱ्या मंडळीत पाण्याने आणि त्रैक्याच्या (पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या) नावाने वैध बाप्तिस्मा झालेला असेल तर तो पुन्हा दिला जात नाही. तेथील दाखला आणावा लागतो. चौकशी करूनही खरी शंका उरली, तरच सशर्त, म्हणजे ‘आधी झालेला नसेल तर’ या अटीवर, बाप्तिस्मा दिला जातो.

विधीनंतर बाळाचे, आईवडिलांचे, धर्ममातापित्यांचे आणि बाप्तिस्मा देणाऱ्याचे नाव, तसेच जन्माची व बाप्तिस्म्याची तारीख आणि स्थळ नोंदवहीत लिहिले जाते. पुढे दृढीकरण आणि विवाह यांची टिपणेही याच नोंदीत जोडली जातात. म्हणूनच लग्नाच्या वेळी जुना दाखला चालत नाही, नव्याने काढलेला मागतात.