शुभवर्तमानावरील प्रवचन आणि शिष्यत्व

शुभवर्तमानावरील प्रवचन : ख्रिस्ती उपासनेत मत्तय, मार्क, लूक किंवा योहान यांच्या शुभवर्तमानातील (येशूचे जीवन व शिकवण सांगणाऱ्या ग्रंथातील) उतारा वाचून झाल्यावर पाळक किंवा धर्मगुरू त्यावर करतात ते चिंतन. उताऱ्याचा अर्थ उलगडणे हे त्याचे पहिले काम. पण तिथेच थांबले तर ते निव्वळ व्याख्यान होते. येशूने त्या वेळी कोणाला काय म्हटले हे सांगता सांगता तेच बोलणे समोर बसलेल्यांपर्यंत पोचवावे आणि त्यांना त्याच्यामागे चालायला प्रवृत्त करावे, हा प्रवचनाचा खरा हेतू. असे येशूच्या मागे चालणे म्हणजेच शिष्यत्व. म्हणून प्रवचनाचा विचार शिष्यत्वाला वगळून करताच येत नाही.

शास्त्रलेख वाचून त्यावर बोलण्याची रीत यहुदी सभास्थानांतून आली. लूकच्या चौथ्या अध्यायात येशू नासरेथच्या सभास्थानात यशया संदेष्ट्याचा लेख वाचतो, गुंडाळी परत देऊन खाली बसतो आणि हा लेख तुमच्या ऐकण्यात आज पूर्ण झाला आहे, असे सांगतो. थोड्याच वेळात तेच श्रोते संतापून त्याला कड्यावरून लोटून द्यायला निघतात. लूकने हे झाकून ठेवलेले नाही, आणि प्रवचन सर्वांना रुचलेच पाहिजे अशी इच्छा धरणाऱ्या प्रत्येक पाळकाने हा प्रसंग शेवटपर्यंत वाचावा.

इ.स. 155 च्या सुमारास जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने रविवारच्या सभेचे वर्णन लिहून ठेवले. प्रेषितांच्या आठवणी (म्हणजे शुभवर्तमाने) किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तोवर वाचले जात. वाचन संपले की सभेचा प्रमुख, ऐकलेल्या चांगल्या गोष्टींचे अनुकरण करा, असे आवर्जून सांगे. पुढे चौथ्या शतकातील धर्मगुरू योहान क्रिसोस्तोम यांनी मत्तयाच्या शुभवर्तमानावर 90 प्रवचने केली. श्रीमंतांच्या दारातला गरीब त्यांत वारंवार येतो. उत्तर आफ्रिकेतील बिशप ऑगस्टीन यांची योहानाच्या शुभवर्तमानावरील 124 प्रवचने आजही वाचली जातात. लोकांना लॅटिन कळेनासे झाले, तेव्हा 813 मध्ये फ्रान्समधील तूर येथील धर्मसभेने प्रवचने लोकांच्या बोलीत करावीत असे ठरवले. 1 जानेवारी 1519 रोजी धर्मसुधारक झ्विंग्ली यांनी स्वित्झर्लंडमधील झुरिकमध्ये नेमलेले उतारे बाजूला ठेवले आणि मत्तय पहिल्या ओळीपासून सलग सांगायला घेतला. कॅथलिक ख्रिस्तसभेत दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या बिशपांच्या सभेने) 1963 मध्ये प्रवचन हा उपासनेचाच भाग मानला. रविवारी व सणांच्या दिवशी गंभीर कारणाशिवाय ते टाळू नये, असा नियम केला.

त्यानंतर 1969 मध्ये तीन वर्षांची वाचनमाला, म्हणजे कोणत्या रविवारी कोणता उतारा वाचायचा याची ठरलेली यादी, आली : पहिल्या वर्षी मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक; योहान मुख्यतः ईस्टरआधीच्या उपवासकाळात आणि ईस्टरनंतरच्या पुनरुत्थानकाळात. अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या 1992 पासून याच धर्तीची सामायिक वाचनमाला वापरतात. ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभांचे वाचनचक्र एका वर्षाचे असते. उतारा आधीच ठरलेला असण्याचा मोठा लाभ मंडळीला होतो. पाळकाला आपल्या आवडत्या विषयांभोवती घुटमळता येत नाही. पैशाबद्दलचे, शत्रूवर प्रेम करण्याबद्दलचे, घरच्यांशी होणाऱ्या ताटातुटीबद्दलचे अवघड बोल ठरल्या रविवारी समोर येऊन उभे राहतात.

मात्र वाचनमाला तुकडे पाडते. मार्कच्या 8:22 ते 10:52 (अध्याय 8, वचन 22 ते अध्याय 10, वचन 52) या भागात याचा फटका सर्वांत जास्त बसतो, आणि शिष्यत्व समजून घ्यायचे तर नेमका हाच भाग हवा. त्याच्या दोन्ही टोकांना दोन आंधळे आहेत. बेथसैदाच्या आंधळ्याला आधी माणसे चालत्या झाडांसारखी दिसतात. येशू दुसऱ्यांदा हात ठेवतो तेव्हा स्पष्ट दिसू लागते. लगेच शिष्य पेत्र येशूला म्हणतो, तू ख्रिस्त आहेस. त्याला दिसले खरे, पण अर्धेच, कारण येशूच्या दुःखसहनाचे नाव निघताच तो येशूलाच दटावू लागतो. येशू आपल्या मरणाविषयी तीनदा बोलतो आणि तिन्ही वेळा शिष्य चुकतात : पेत्र विरोध करतो, मग सगळे आपल्यात मोठा कोण यावर वाद घालतात, शेवटी याकोब आणि योहान हे शिष्य येशूच्या उजवी-डावीकडची आसने मागतात. मी तुमच्यासाठी काय करावे, असे येशू या दोघांना विचारतो. काही ओळींनंतर हाच प्रश्न तो यरीहोच्या रस्त्याकडेला बसलेल्या बार्तिमयाला विचारतो. त्याला फक्त दृष्टी हवी असते. ती मिळताच तो त्याच वाटेने येशूच्या मागे चालू लागतो, आणि ती वाट यरुशलेमेला, वधस्तंभाकडे जाते.

रविवारच्या वाचनांत बेथसैदाचा प्रसंग येत नाही, मरणाचे तिसरे भाकीतही गळते, आणि उरलेले उतारे आठवड्या-आठवड्याने येतात. ही साखळी जोडून दाखवणे पाळकाच्याच हाती असते. ती जुळली की ऐकणाऱ्याला मोठा धीर येतो : पुन्हा पुन्हा चुकणाऱ्या शिष्यांना येशूने एकदाही घरी पाठवले नाही.

शिष्यत्व येशूने निवडलेल्या बारा जणांपुरते नाही. मरिया मग्दालिया, योहान्ना, सुसान्ना आणि इतर अनेक स्त्रिया येशूबरोबर फिरत आणि पदरमोड करून त्या सर्वांचा खर्च भागवत, असे लूक सांगतो. येशूच्या अटकेनंतर पुरुष शिष्य पांगले, पण गालीलापासून मागे आलेल्या स्त्रिया वधस्तंभावरचे मरण दुरून पाहत होत्या. प्रवचनांत त्यांना मिळणारी जागा आजही तोकडी आहे.

ज्याला माझ्यामागे यायचे आहे त्याने आपला वधस्तंभ उचलून यावे, असे येशू मार्कच्या याच भागात सांगतो. या आज्ञेचा गैरवापरही झाला आहे. घरातली मारहाण किंवा मालकाचा जुलूम मुकाट्याने सोसणे म्हणजे वधस्तंभ वाहणे, असे पीडितांना सांगितले गेले. उताऱ्यात याला कसलाही आधार नाही. येशूची हाक ज्याला त्याच्यामागे यायचे आहे त्याला आहे. दुसऱ्याच्या खांद्यावर वधस्तंभ लादण्याचा अधिकार ती कोणालाही देत नाही.

विसाव्या शतकात या हाकेची किंमत दोन धर्मसेवकांनी जिवानिशी चुकवली. जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफर यांनी 1937 मध्ये आज्ञापालनाशिवाय मिळणाऱ्या ‘स्वस्त कृपे’वर कठोर टीका केली, नाझी राजवटीने त्यांना 9 एप्रिल 1945 रोजी फाशी दिली. एल साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांची रविवारची प्रवचने रेडिओवरून देशभर ऐकली जात. लोकांना ठार मारण्याचे हुकूम पाळू नका, असे त्यांनी 23 मार्च 1980 च्या प्रवचनात सैनिकांना सांगितले. दुसऱ्याच दिवशी मिस्सा (कॅथलिक उपासना) अर्पण करताना त्यांची हत्या झाली. त्या मिस्सेचे वाचन जमिनीत पडून मरणाऱ्या गव्हाच्या दाण्याविषयीचे होते.

प्रवचनाची तयारी उपासनेच्या कितीतरी आधी सुरू होते. पाळक उतारा मोठ्याने वाचतो, त्याच्या मागचेपुढचे अध्याय पाहतो, भाष्ये चाळतो. पण त्याआधी हे वचन माझ्याकडून काय मागते, हे त्याला स्वतःला विचारावे लागते. पोप फ्रान्सिस यांनी 2013 च्या आपल्या आवाहनपत्रात प्रवचन थोडक्यात करावे असे सुचवले आणि तयारी न करणारा प्रवचनकार अप्रामाणिक ठरतो, असे स्पष्ट शब्दांत लिहिले. अनेक मंडळ्यांत रविवारचा उतारा आठवड्यात छोट्या गटांतून पुन्हा वाचला जातो. तिथे पाळकही इतरांबरोबर ऐकायला बसतो, आणि पुढच्या प्रवचनाला लागणारे प्रश्न त्याला बहुधा तिथेच मिळतात.